पिशवी, ओटीपी आणि दीड लाखाची देणगी

रात्री साडेदहानंतर माझा फोन वाजला की तो परमुलखात सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्याचा, हे आता घरात सगळ्यांना पाठ झालंय. दुकान बंद करून, हिशेब लावून, जेवण उरकलं की त्यांना गावाकडची आठवण येते, आणि त्या आठवणीत आईवडलांच्या खालोखाल माझा नंबर लागतो.

“जेवलासा का ताई?”

“जेवले. बोला अण्णा.”

“आमच्या फायलीचं काय झालं?”

फायलीचं काहीच झालेलं नसतं. फाईल, म्हणजे इन्कम टॅक्सचं रिटर्न, करायला जे कागद लागतात ते अण्णांकडे असतात आणि अण्णा असतात तमिळनाडूत.

मी विट्यात कर सल्लागार म्हणून काम करते. आधी सांगलीत एका सीएंच्या ऑफिसात काही वर्षं काढली, मग इथे बाजारपेठेत एका जिन्याच्या वर दहा बाय बाराची खोली घेतली. मी सीए नाही. इन्कम टॅक्सचं रिटर्न भरून द्यायला सीएच असावं लागतं असं नाही, ऑडिटवर मात्र सीएचीच सही लागते. हे मी बोर्डवर स्पष्ट लिहिलंय, तरी निम्मे लोक मला सीए मॅडम म्हणतात. उरलेले दारातून डोकावून विचारतात, “साहेब कुठायत?”

खानापूर-आटपाडीचा भाग दुष्काळी. पिढ्यान्पिढ्या इथली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्याच्या मागे देशभर गेली. केरळात, पंजाबात, बंगालात, जिथे सराफकट्टा आहे तिथे आमच्याकडचा कोणीतरी गलाईवाला सापडतो. म्हणून माझं ऑफिस दहा बाय बाराचं असलं तरी गिऱ्हाईक मात्र चार-पाच राज्यांत पसरलेलं आहे. शिवाय गावात यंत्रमागवाले, झेडपीचे शिक्षक, लष्करातले जवान, द्राक्षबागायतदार आहेतच. २०२५ चा रिटर्नचा हंगाम कसा गेला ते सांगायला बसलेय, कारण त्या हंगामात जे झालं ते याआधी कधी झालं नव्हतं.

सुरुवात चांगली होती. पगारदारांची आणि ऑडिट नसलेल्यांची मुदत तेव्हा ३१ जुलै असायची. ती २७ मे रोजीच वाढवून १५ सप्टेंबर केल्याचं जाहीर झालं. फॉर्म बदलले होते, ते भरायची युटिलिटी, म्हणजे खात्याचं सॉफ्टवेअर, तयार व्हायची होती. आयटीआर म्हणजे रिटर्नचा फॉर्म, त्यातल्या दोन आणि तीन नंबरची एक्सेल युटिलिटी यायला ११ जुलै उजाडला. मुदत वाढली म्हणजे आपल्याला श्वास घ्यायला जागा मिळाली असं पहिल्या वर्षी काम करणाऱ्याला वाटतं. जुन्या माणसाला माहीत असतं की दीड महिना वाढला की पिशव्याही दीड महिना उशिराच येतात.

पिशव्या म्हणजे खरोखरच्या पिशव्या. कापड दुकानाची, खताच्या कंपनीची, लग्नात आहेरात मिळालेली. त्यात बँकेची पासबुकं, विम्याच्या पावत्या, लाइटबिलं, कधी रेशनकार्ड, एकदा तर मुलीची जन्मपत्रिका. “तुम्ही बघा काय लागतंय ते.” मी पिशवी टेबलावर उपडी करते आणि लागणारं बाजूला काढते. अलीकडे पिशवीची जागा व्हॉट्सॲपने घेतलीय, आणि खरं सांगते, पिशवी बरी होती. पिशवीतल्या कागदाला चार कोपरे असायचे. व्हॉट्सॲपवरच्या फोटोत पासबुकाची डावी बाजू दिसते आणि उजव्या बाजूला अंगठा.

त्या वर्षीचा सगळ्यात मोठा घोळ मात्र कागदांचा नव्हता, बारा लाखांचा होता. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर लागणार नाही, असं जाहीर झालं. ती सवलत १ एप्रिल २०२५ पासूनच्या कमाईला. आम्ही जुलैत भरत होतो ते मार्च २०२५ पर्यंतच्या कमाईचं रिटर्न, आणि तिथे मर्यादा होती सात लाखांची. हे वाक्य मी त्या तीन महिन्यांत किती वेळा म्हटलं असेल, मोजलं नाही.

एका सहकारी संस्थेतले क्लार्क आले. पगार वर्षाला नऊ लाख, कापलेला कर ३३,८००.

“मॅडम, हे सगळं परत येणार की.”

“कसं काय?”

“बारा लाखांपर्यंत माफ आहे. टीव्हीवर पट्टी फिरत होती.”

मी कागदावर मांडून दाखवलं. नऊ लाखांतून प्रमाणित वजावट पंच्याहत्तर हजार, राहिले सव्वाआठ. पहिल्या तीन लाखांना काही नाही, पुढच्या चारला पाच टक्के म्हणजे वीस हजार, उरलेल्या सव्वा लाखाला दहा टक्के म्हणजे साडेबारा हजार, त्यावर चार टक्के सेस. बरोबर ३३,८००. त्यांनी बेरीज दोनदा तपासली, चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, “म्हणजे तुम्हाला परत आणता येत नाही.” कायदा त्यांना समजला होता. मी कमी पडते, हे त्यांचं मत मात्र कायम राहिलं.

यात चूक त्यांचीही नाही म्हणा. आर्थिक वर्ष एक, कर निर्धारण वर्ष दुसरं, आणि बातमीत तिसरंच. एप्रिल २०२६ पासून नव्या कायद्यात ‘कर वर्ष’ असा एकच शब्द आलाय. तो पंधरा वर्षं आधी आला असता तर माझा घसा वाचला असता.

आता अण्णांकडे येते, कारण त्या हंगामातले दोन आठवडे त्यांनी खाल्ले.

अण्णांचं काम दरवर्षी सोपं. छोटं दुकान, अंदाजित उत्पन्नाचं आयटीआर चार, साडेपाच लाखांच्या आसपास उत्पन्न. मी सवयीने त्यांचं एआयएस उघडलं. नोव्हेंबर २०२१ पासून हे वार्षिक माहितीपत्रक मिळायला लागलं. तुमच्या पॅनवर बँकेनं, सब-रजिस्ट्रारनं, म्युच्युअल फंडानं काय काय कळवलंय त्याची ती यादी. माझ्या धंद्यात आधीचा काळ आणि नंतरचा काळ असे दोन भाग याच कागदानं पाडले. आधी गिऱ्हाईक सांगेल तेवढं मला माहीत असायचं. आता गिऱ्हाइकाला आठवत नाही तेही मला माहीत असतं.

अण्णांच्या यादीत ३८ लाखांची स्थावर मालमत्ता होती. त्या वर्षीच्या नियमाने तीस लाख किंवा त्यावरचा कुठलाही खरेदी-विक्रीचा दस्त रजिस्टर कार्यालयातून आयकर खात्याला कळवला जात होता.

“अण्णा, गेल्या वर्षी प्लॉट घेतला काय?”

फोनवर बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

“तुमास्नी कुणी सांगितलं?”

“सरकारनं.”

“न्हाई, गावातलंच कुणीतरी सांगितलं असणार.”

साडेपाच लाख कमावणाऱ्याने अडतीस लाखांचा प्लॉट कशातून घेतला, एवढाच प्रश्न होता. उत्तर सोपं होतं आणि सरळही, पण ते काढायला मला तेरा फोन करावे लागले. आमच्याकडे भाऊ वेगळे राहतात, पैसा एकत्र राहतो. केरळातल्या थोरल्या भावाने बारा लाख दिले, पंजाबातल्या धाकट्याने नऊ. प्लॉट तिघांचा, दस्त एकाच्या नावावर, कारण रजिस्टरच्या दिवशी तोच तेवढा गावात होता. भावाने भावाला दिलेल्या पैशावर कर लागत नाही. पण तो भावाकडून आला हे बँकेच्या उताऱ्यावर दिसायला हवं आणि देणाऱ्या भावाच्या रिटर्नमध्ये तेवढा दम हवा. दोघांचे उतारे मागवले. एक मल्याळम पोचपावतीसकट आला, एक आडवा स्कॅन होऊन. अण्णांची मोडलेली ठेव आठ लाख, पतसंस्थेचं कर्ज सहा लाख. बेरीज पस्तीस.

“तीन लाख कमी पडतात अण्णा.”

“ते आसंच हुतं घरात.”

‘असंच’ नावाचं कलम कायद्यात नाही. मी तीन वेगवेगळ्या रात्री तोच प्रश्न विचारला, तिन्ही वेळा विषय पावसापाण्याकडे गेला. चौथ्या दिवशी दुपारी, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या वेळेला नाही, वहिनींचा फोन आला. त्यांच्या चार तोळ्यांच्या पाटल्या मोडल्या होत्या. शेजारच्या सराफाला रीतसर बिलाने विकल्या, पैसे वहिनींच्या खात्यात चेकने आले, तिथून अण्णांच्या खात्यात गेले. सगळा व्यवहार काचेसारखा स्वच्छ. फक्त आयुष्यभर दुसऱ्याचं सोनं गाळणाऱ्याने बायकोच्या पाटल्या मोडल्या, हे त्यांच्या तोंडून निघत नव्हतं.

मग वहिनींचं आयुष्यातलं पहिलं रिटर्न भरायचं ठरलं. कर शून्य, पण नोंद राहावी म्हणून. पॅन होतं, आधारला जोडलेलं नव्हतं. जून २०२३ नंतर अशी पॅन निष्क्रिय झालीत, हजार रुपये भरल्याशिवाय जिवंत होत नाहीत. हजार भरले, काही दिवस वाट पाहिली, लग्नातल्या पाटल्यांची किंमत धरून नफा काढला आणि आयटीआर दोन भरलं. वहिनींनी विचारलं, “माझ्या नावानं सरकारला कागद गेला म्हणायचा?” मी हो म्हटलं. त्यांना बरं वाटल्यासारखं वाटलं. अण्णा त्या फोनवर आलेच नाहीत.

या सगळ्याची फी किती घ्यायची? अण्णांचे दरवर्षीचे आठशे ठरलेले. तेरा फोन, तीन उतारे, दोन रिटर्नं. मी पंधराशे सांगितले. अण्णा म्हणाले, “बटण तर त्येच दाबायचं ना ताई.” मग दिवाळीत घरी काजूची पाकिटं घेऊन आले, त्यांची किंमत पंधराशेच्या वर नक्की असेल. पैशाचा हिशेब आणि माणसाचा हिशेब इथे वेगवेगळ्या वह्यांत लिहितात. कुणी द्राक्षाची पेटी ठेवून जातो, कुणी बेदाणे. फी मात्र “पुढच्या टायमाला”.

ओटीपीचं दुखणं वेगळं. रिटर्न भरल्यावर तीस दिवसांत त्याची पडताळणी झाली नाही तर भरल्याची तारीख धरली जात नाही, पडताळणीची धरतात. आधी एकशेवीस दिवस मिळायचे, ऑगस्ट २०२२ पासून तीस झाले. पडताळणीचा सोपा मार्ग आधारचा ओटीपी, आणि तो आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो. जोडलेला नंबर नव्वद टक्के वेळा तो नसतो जो माझ्याकडे असतो. एकाचा भाच्याच्या नावावर, एकाचा बंद पडून दुसऱ्या कुणाला गेलेला. एकीचा नंबर नवऱ्याकडे, आणि नवरा-बायको दोन वर्षं बोलत नाहीत. तिला मी आधार केंद्रात पाठवलं. नंबर बदलून घेऊन परत आली तेव्हा पेढे घेऊन आली. रिटर्नसाठी नव्हते ते.

जवानांचं तर विचारू नका. एकाची बायको माझ्यासमोर बसलेली, तो सीमेवर अशा ठिकाणी जिथे फोन लागला तर दहा मिनिटं लागतो. ओटीपी पंधरा मिनिटांत शिळा होतो. आम्ही तीन संध्याकाळी प्रयत्न केला. तो आकडे सांगायचा, मधला एक आकडा वाऱ्यात जायचा. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या मॅडम, गणपतीला येणार हायत.” २७ ऑगस्टला गणपती बसले, २९ ला तो साध्या शर्टात माझ्यासमोर होता. रिटर्न भरलं, ओटीपी आला, काम चार मिनिटांत संपलं. मग अर्धा तास तो पोस्टवरच्या थंडीबद्दल बोलला आणि मी मागे थांबलेल्या चार जणांना चहा सांगितला.

कर्जवाल्यांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यांच्याबद्दल लिहायला लागले की माझा रक्तदाब वाढतो. एक माग चालवणारा तरुण आला. बँकेला तीन वर्षांच्या फायली हव्या होत्या, त्याने एकाही वर्षी रिटर्न भरलं नव्हतं. “उत्पन्न धा लाख दाखवा, कर शून्य आला पायजे.” मागच्या वर्षांची रिटर्नं आता नेहमीच्या वाटेने भरता येत नाहीत, अपडेटेड रिटर्नची वाट आहे पण तिथे जादा कर पडतो, आणि मुळात दहा लाख कमावले असतील तर दाखव, नसतील तर दाखवू नको, हे मी त्याला शांतपणे सांगितलं. तो म्हणाला, “दुसरीकडं करून देत्यात.” आणि दिलंही कुणीतरी. त्याला कर्ज मिळालं. नवे माग आले. आता जीएसटीचं काम तो माझ्याकडे आणतो, दर महिन्याला वेळेवर. यावर मी काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता गुरुजी.

गुरुजी आठ वर्षं माझ्याकडे येत होते. झेडपी शाळेत शिक्षक. फॉर्म सोळा, विम्याच्या पावत्या, भविष्यनिर्वाह निधी, सगळं एका पारदर्शक फोल्डरमध्ये, पहिल्या पानावर स्वतःच्या हस्ताक्षरात बेरीज. असं गिऱ्हाईक म्हणजे सुट्टीचा दिवस. २०२३ च्या जुलैत ते आले नाहीत. मला वाटलं बदली झाली. मग त्यांच्याच शाळेतल्या एकाकडून कळलं की शहरातला एक माणूस येतो, सगळ्यांचं एकदम करून देतो आणि प्रत्येकाला वीस-तीस हजार परत मिळवून देतो. कमिशन परताव्याच्या पंधरा टक्के.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मी त्यांच्याकडून सहाशे घेत होते आणि परतावा यायचा तो कधी दोनशे, कधी चारशे. माझं काम बरोबर होतं म्हणून तो कमी होता, हे कुणाला सांगायला जायची सोय नव्हती. एका हंगामात त्या शाळेतली पाच माणसं माझ्याकडून गेली.

१४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने देशभरात दीडशे ठिकाणी एकाच वेळी तपासणी केली. खोट्या वजावटी दाखवून परतावे काढणाऱ्या दलालांवर ती कारवाई होती. खात्याने जाहीर केलं की आधीच्या चार महिन्यांत सुमारे चाळीस हजार लोकांनी आपणहून रिटर्न सुधारून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले होते. मी ती बातमी सकाळी वाचली आणि दिवसभर जिन्यावरच्या पावलांकडे कान लावून बसले.

गुरुजी चौथ्या दिवशी आले. शाळा सुटल्यावर, अंधार पडल्यावर. फोल्डर नव्हतं.

“मॅडम, जरा माझं बघता का? काही असेल असं नाही, आपलं सहज.”

बघायला लॉगिन होत नव्हतं. पासवर्ड त्या माणसाकडे. नोंदवलेला ईमेल त्यांचा नव्हताच, कुठलासा तात्पुरता बनवलेला पत्ता. मोबाइलही दुसराच. दोन वर्षं खात्याने जे काही पाठवलं असेल ते अशा पेटीत पडत होतं जिची किल्ली कुणाकडेच नव्हती. आधारच्या ओटीपीने आम्ही पासवर्ड बदलला, ईमेल आणि नंबर बदलला आणि रिटर्न उघडलं.

“गुरुजी, तुम्ही गेल्या वर्षी एका राजकीय पक्षाला दीड लाख रुपये देणगी दिलीत.”

“मी?”

“त्याच्या आदल्या वर्षी एक लाख.”

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. स्क्रीनवर पक्षाचं नाव होतं, तुम्ही-मी कधी ऐकलेलं नसेल असं. त्यांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं, वर्गात अवघड शब्द वाचतात तसं तोडून तोडून. मग म्हणाले, “शिक्षकाला राजकीय पक्षाला पैसे देता येत नाहीत हो. वर्तणूक नियमात बसत नाही.”

ते मला सुचलंच नव्हतं. मी कराच्या बाजूने विचार करत होते आणि त्यांना नोकरी दिसत होती. तेव्हाच्या कायद्यातल्या कलम ८० जीजीसीखाली ती देणगी उत्पन्नातून शंभर टक्के वजा व्हायची. दलालाला तेवढंच दिसलं. त्याने शाळाभर एकच रकाना भरत नेला. ज्या माणसाला ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत कुणाच्या ओट्यावर चहा प्यायलाही भीती वाटते, त्याच्या नावावर त्याने अडीच लाखांची राजकीय निष्ठा लिहून ठेवली.

“तुम्ही सही केली होती का कशावर?”

“ओटीपी दिला होता.”

पुढचं काम आकड्यांचं होतं आणि ते मला येतं, त्यामुळे जरा हायसं वाटलं. वर्ष संपल्यावर चूक कबूल करायची वाट म्हणजे अपडेटेड रिटर्न. २०२२ च्या अर्थसंकल्पात ती आली, तेव्हा दोन वर्षांची मुदत होती, २०२५ मध्ये ती चार वर्षं झाली. जितका उशीर तितका जादा कर: पहिल्या वर्षात पंचवीस टक्के, दुसऱ्यात पन्नास, मग साठ, मग सत्तर. गुरुजी वीस टक्क्यांच्या टप्प्यात. एक लाखाच्या खोट्या देणगीवर त्यांना सेससकट २०,८०० मिळाले होते, दीड लाखावर ३१,२००. जुन्या वर्षावर पन्नास टक्के म्हणजे १०,४००, नव्यावर पंचवीस टक्के म्हणजे ७,८००. सगळं मिळून ७०,२००, आणि व्याजाचं जे काही येईल ते आणि त्यावरचं वर. दलालाला दिलेलं पंधरा टक्के कमिशन तेही ७,८००. तो आकडा योगायोगाने तोच आला, पण गुरुजींनी तो वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

त्यांनी एक प्रश्न विचारला जो मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. “नाही भरलं तर?”

मी खरं ते सांगितलं. कदाचित काहीच होणार नाही. कदाचित नोटीस येईल, देणगीची पावती मागतील, आणि मग ही वाट बंद झालेली असेल, दंड चुकवलेल्या कराच्या दुप्पटपर्यंत जाऊ शकेल. मी घाबरवत नाही, आणि धीरही देत नाही. गिऱ्हाईकाला निर्णय घ्यायला लावणं हे या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं काम, पण दलालाने नेमका तो निर्णयच त्यांच्याऐवजी घेतला होता.

“पैसे कधी भरायचे?”

पतपेढीतून कर्ज काढून त्यांनी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात चलन भरलं. दोन्ही वर्षांची अपडेटेड रिटर्नं मी त्यांच्यासमोर बसून भरली. प्रत्येक पान त्यांनी वाचलं. ओटीपी आला तेव्हा त्यांनी फोन माझ्या हातात दिला नाही. स्वतः आकडे टाकले, एकेक करत. निघताना दारात थांबले.

“शाळेत कुणाला कळायला नको मॅडम.”

“माझ्याकडून नाही कळणार.”

शेवटचे दिवस नेहमीसारखेच गेले, म्हणजे वाईट. एआयएस उघडायला दहा मिनिटं, चलनाची पोच यायला तासभर. १५ सप्टेंबरला रात्री मी ऑफिसमध्येच होते, मुलाने डबा आणून दिला. साडेनऊच्या सुमाराला एकजण पिशवी घेऊन आला आणि म्हणाला, वाढणार आहे म्हणतात मुदत. मी त्याच्याशी भांडले. नुसतं रिटर्न उशिरा जाईल एवढंच नसतं. मुदत गेली की जुनी करप्रणाली निवडायचा हक्कही जातो. आदल्या वर्षी, २०२४ मध्ये, एक गृहस्थ ३ ऑगस्टला आले होते. घरकर्जाचं व्याज दोन लाख, विमा-निधी दीड लाख, सगळं होतं, पण मुदत ३१ जुलैला संपलेली. वजावटी गेल्या, करात जवळपास पावणेएकोणीस हजारांचा फरक पडला, वर पाच हजार उशिराची फी. त्यांनी मला विचारलं होतं, “तीन दिवसांचे एवढे?”

तर मी भांडले, त्याचं रिटर्न अकराला भरलं, आणि मध्यरात्रीच्या जरा आधी मुदत खरोखरच एका दिवसाने वाढल्याचं जाहीर झालं. त्याचा मेसेज आला. शब्द नव्हता, फक्त हसरा चेहरा. मी फोन उपडा ठेवला आणि घरी गेले.

१७ तारखेला ऑफिस उघडलं नाही. १८ ला उघडलं तेव्हा दुपारी गुरुजींच्या शाळेतले एक सर आले. दोन वर्षांनी. सहज आलोय म्हणाले. त्यांच्याही नावावर तोच पक्ष. सगळं ठरल्यावर दारात थांबून म्हणाले, शाळेत कुणाला कळायला नको. १९ ला मुख्याध्यापक आले, त्याच अटीवर. २० ला शनिवार, सकाळची शाळा. साडेबाराला एक बाई जिना चढून आल्या, त्यांच्या मागोमाग पाचवे सर. दोघांची माझ्या दारातच गाठ पडली.

“तुम्ही इकडे कुठे?” सरांनी विचारलं.

“मुलीचं पॅनकार्ड काढायचंय,” बाई म्हणाल्या. “तुम्ही?”

“मी पण. मुलाचं.”

मी दोघांना बसायला सांगितलं आणि ड्रॉवरमधून पॅनचे दोन कोरे फॉर्म काढून त्यांच्यासमोर ठेवले.